सात नंबरचा वाफा

चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. गल्लीच्या तोंडाशी माझी सायकल दिसली की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडायला लागत. ही बढाई नव्हे. म्हणजे थोडी आहेच, पण पुढचं समजायला तेवढं ठाऊक असलेलं बरं.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं लेकीकडे राहायला आलो. लेक वाळवंटातल्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ आहे. मी तिला सरकार म्हणतो, कारण घरात हुकूम तिचाच चालतो.

इथल्या वाळूवर एक काळसर, खरबरीत पापुद्रा असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलंय. मी तसं म्हणालो आणि सरकारनं मला असं झापलं की ज्याचं नाव ते. तो पापुद्रा जिवंत असतो. त्यातले जिवाणू दवाचे चार थेंब मिळाले की जागे होतात, हवेतला नत्र ओढून मातीत साठवतात आणि ऊन चढलं की पुन्हा गुडूप. या वैराण जमिनीतल्या एकेका झुडपाला खत घालणारे तेच. पण त्यावरून गाडीचं एक चाक गेलं, की मोडलेला पापुद्रा भरून यायला माणसाचा जन्म जातो. माझ्या लेकीनं काय केलं, तर हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, वाळवले आणि चाकांनी उजाड केलेल्या जमिनीवर बियाण्यासारखे पेरले. सतरंजीएवढे बारा वाफे. सहा पेरलेले, सहा कोरे. तीन वर्षं ती त्यांच्यामागे आहे. हे सगळं मी न्हाव्याला, औषधाच्या दुकानात आणि बसमध्ये शेजारी बसेल त्याला सांगितलेलं आहे. कुणी भाबडेपणानं ‘नत्र म्हणजे काय हो?’ असं विचारलं की माझा दिवस चांगला जायचा.

वाफ्यांना शेळ्यांचा उपद्रव होता. राखणीचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. सकाळी चहा आणि रक्तदाबाची गोळी घेतली की काठी घेऊन निघायचो, ते ऊन तापेपर्यंत. सरकारची अट एकच होती, दगडी पायवाट सोडायची नाही, पापुद्र्यावर पाऊल टाकायचं नाही. आठ महिन्यांत मी पाऊल तर सोडाच, काठीचं टोकही टेकवलं नाही.

तिची नोकरी कराराची. करार संपत आला होता आणि शुक्रवारी समिती बसणार होती. काम पटलं तर ती कायम, नाहीतर बारा वाफ्यांना रामराम आणि आम्ही सामान बांधायचं.

त्याआधी पंधरा दिवस मातीचे आकडे आले. पेरलेल्या सगळ्या वाफ्यांत नत्र वाढला होता आणि सात नंबरात तर चौपट! केंद्राच्या प्रमुख मॅडम स्वतः पैज जिंकल्यासारख्या खूश झाल्या. अहवालाच्या मुखपृष्ठावर सात नंबरचा फोटो टाकायचं ठरलं. मी त्या दिवशी न्हाव्याकडे मुद्दाम गेलो, कापायला केस नसताना.

सरकार मात्र गप्प गप्प. मंगळवारी जेवताना तिची आई म्हणाली, ‘‘अगं, आनंदाची बातमी आहे ना? मग चेहरा असा का?’’

‘‘आई, सात नंबरचा हिशेब जुळत नाही. मातीत नत्र आहे, पण जिवाणू काम करत नाहीत. पापुद्र्याचा तुकडा बरणीत बंद करून वायूची चाचणी घेतली, चार वेळा घेतली. बाकीच्या पाच वाफ्यांतले जोरात आहेत, सातातले झोपलेत.’’

‘‘चौपट कमवून झोपले असतील,’’ मी म्हणालो.

‘‘तसं नसतं, बाबा. नत्र आयता मिळाला तरच ते स्वस्थ बसतात. कुणीतरी बाहेरून घालतंय. क्षारही वाढलेत. मला वाटतं शेळ्या येतात तिथं, मुततात.’’

‘‘शक्यच नाही!’’ मी ताटावर हात आपटला. ‘‘मी असताना शेळी फिरकेल? रोज सकाळी मी स्वतः तिथं...’’

घास तोंडात तसाच राहिला.

सात नंबराच्या कडेला एक काटेरी झुडूप आहे. केंद्राच्या खिडकीतून त्यामागचा माणूस दिसत नाही. माझी ती रक्तदाबाची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. ती घेतली की तासाभरात मला थांबता येत नाही. मी पायवाटेवरच उभा राहायचो, वाफ्याभोवतीच्या दोरीबाहेर, अगदी नियमाप्रमाणे. पाय ठेवायचा नाही एवढंच सांगितलं होतं ना? आठ महिने, रोज सकाळी, कधी दोनदा.

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. हिला वाटलं पित्त झालं.

खरं सांगतो, गप्प बसायचा विचार मनात आला. एकदा नव्हे, दहादा आला. कुणाला कळणार होतं? आकडा लेकीच्या बाजूचा होता. चौपटीवर समिती भाळली असती, ती कायम झाली असती, आणि मी उरलेला जन्म तोंड मिटून काढला असता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वाफ्यांवर वाकून पुन्हा नमुने घेताना पाहिलं. पाठ घामानं भिजलेली. माझ्या पापाचं कारण ती शेळ्यांत शोधत होती. मी स्वतःला म्हटलं, मेण लावणाऱ्यांना आयुष्यभर पकडलंस आणि आता स्वतः लेकीच्या तराजूला मेण लावून बसतोस होय रे?

तडक प्रयोगशाळेत गेलो. रबरी बुचांच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, कोपऱ्यात फ्रीज घुरघुरत होता. ती तराजूवर माती तोलत होती. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं हसेल, नाहीतर रडेल. तिनं वही ओढली.

‘‘कधीपासून?’’

‘‘आलो तेव्हापासून.’’

‘‘रोज? किती वाजता?’’

‘‘सातच्या सुमारास. अगं, लिहितेस काय?’’

‘‘साधारण किती मिली?’’

‘‘सरकार, बापाला लाज असते!’’

तेव्हा मात्र तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘सात नंबर काढून टाकायचा. उरलेल्या पाचांची सरासरी सव्वापट येते.’’

‘‘आणि सात धरला तर?’’

‘‘पावणेदोन.’’

सव्वा आणि पावणेदोन यांत किती अंतर असतं ते मला कुणी शिकवायला नको. ‘‘कारण काय लिहिशील?’’ मी हळूच विचारलं. ‘‘शेळी लिही.’’

‘‘शेळीवर खोटा आळ कशाला? जे झालं ते लिहीन.’’

प्रमुख मॅडमनी संध्याकाळी तिला बराच वेळ समजावलं. दार उघडं होतं, मी बाहेर बाकावर होतो. ‘‘वाफा राहू दे, कुणी खोदून विचारणार नाही. निदान तांत्रिक कारण म्हणून सोडून दे. तुझ्याच भल्याचं सांगतेय.’’ लेक एवढंच म्हणाली, ‘‘मॅडम, मग उरलेल्या पाचांवर तरी माझा विश्वास कसा राहील?’’

शुक्रवारी मी सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. येऊ नका असं ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही. ती छान बोलली. मधूनमधून समितीतली माणसं मान डोलवत होती. शेवटी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पुढे झुकले.

‘‘लोक आपला वाईट वाफा वगळतात. तुम्ही सगळ्यात चांगला वगळलात. का?’’

‘‘त्याच्या कडेला आठ महिने रोज सकाळी एक माणूस लघवी करत होता,’’ ती सरळ म्हणाली. सभागृहात खसखस पिकली. ती पुढे म्हणाली, ‘‘पायवाट मी आखली होती. राखणीला माणूस ठेवला, पण त्याची सोय केली नाही. चूक माझी आहे.’’

‘‘पण हे तुम्हाला कळलं कसं?’’

‘‘त्यानं स्वतः सांगितलं.’’

‘‘स्वतःहून?’’ गृहस्थांनी चष्मा काढला. ‘‘असली गोष्ट कोण माणूस आपणहून सांगेल? तुमचे आकडे मी मानतो, पण ही साक्ष मला पटत नाही.’’

माझं नाव ती घेणार नव्हती, चामडी सोलली असती तरी. आणि तिचं खरं खोटं ठरत होतं.

मी उभा राहिलो. ‘‘मी सांगितलं, साहेब. मी तिचा बाप.’’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हसण्याचा असा लोट आला की खुर्च्या वाजल्या. कान तापले, पण खाली बघितलं नाही. ‘‘आणि चूक तिची नाही,’’ मी आवाज चढवला. ‘‘तिनं नियम घालून दिला होता. मी पाय सांभाळला, बाकीचं सांभाळलं नाही. ते माझ्या नावावर लिहा.’’

हसणं ओसरलं. मिशांचे गृहस्थ मात्र हसत नव्हते. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि माझ्या लेकीकडे पाहिलं.

‘‘मग सव्वापट लिहू?’’

‘‘सव्वापट,’’ ती म्हणाली. ‘‘पाच वाफे, तीन वर्षं.’’

‘‘एवढी खरी सव्वापट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही,’’ ते म्हणाले आणि लिहायला लागले. त्यांच्या शेजारच्यांनी लिहिलं, मग पलीकडच्या बाईंनी. नेमणुकीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं, पण मला विचाराल तर निकाल तिथंच लागला.

‘‘बाबा, बसा आता,’’ ती माइकमधून म्हणाली. पुन्हा हशा. मी बसलो नाही. पुढचे प्रश्न सुरू झाले होते, ती एकेकाला नीट उत्तर देत होती, आणि माझ्या लेकीचं बोलणं मला उभ्यानंच ऐकायचं होतं.