न दिसणारी वीट

ज्या भिंतीला घराण्याची एक वीट लागली, ते घर घराण्याचं झालं. बाकीच्या विटा मग कुणाच्याही घामाच्या असोत. आम्हा असांते लोकांचा हा कायदा आमच्या सोन्याइतका जुना आहे. त्यापुढे राजे वाकले, वकील वाकले, विधवांना तर विचारलंच नाही. फक्त एक गोष्ट त्यात सांगायची राहून गेली. वीट मुळात दिसतच नसेल तर काय करायचं, याबद्दल पूर्वजांनी काहीही म्हणून ठेवलेलं नाही. पूर्वजांची आणि निमाकोमामांची गाठ पडली नव्हती.

निमाकोमामा हे अडवोआ फ्रेमाच्या आईचे धाकटे भाऊ आणि घराण्याचे कर्ते. आमच्याकडे बाप जेवायला घालतो आणि शब्द मामाचा चालतो. मामा राहतात हॅम्बुर्गला. तिथे ते एका गोदामात माल उचलायची गाडी चालवतात, आणि उरलेल्या वेळात कुमासीतलं घराणं चालवतात. दोन नाताळांपूर्वी ते इकडे आले, अडवोआकडे ताडफळाच्या सारात बुडवून फुफूचे मऊ गोळे भरपूर जेवले, हात धुतले आणि तृप्तीच्या भरात तिच्या संगणकापुढे जाऊन बसले. उठले तेव्हा संगणकात एक आभासी नेटवर्क अडॅप्टर बसला होता.

"आता जगभरचं आपलं घराणं एका जाळ्यात," मामा म्हणाले. "तू इथे टाइप कर, मी हॅम्बुर्गला वाचीन."

तुम्ही वाचावं असं मी काय टाइप करते, हे अडवोआच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपल्या घरी जेवलेल्या माणसाशी निदान त्या दिवशी तरी भांडू नये, म्हणून ती खरकटी भांडी उचलायला लागली.

अडवोआ कुमासीच्या ओफोरिक्रोम वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत मयतांची पोस्टरं करते. मयत म्हातारं असेल तर वर ठळक अक्षरांत 'स्वर्गाचं बोलावणं', तरणं असेल तर 'केवढा हा धक्का'. खाली हसरा फोटो, त्याखाली सुतक्यांची नावं, त्यात परदेशातले आधी. कुमासीत शनिवारी निम्मं गाव सुतकाच्या काळ्या-तांबड्या कापडात असतं, त्यामुळे काम भरपूर. अडचण एवढीच होती की अडॅप्टर बसल्यापासून संगणक बाहेर जायला निघाला की पहिल्यांदा मामांच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. दार कुणी उघडत नसे. बऱ्याच वेळाने खजील होऊन तो नेहमीच्या रस्त्याला लागे. तोवर छापखानेवाल्याचे तीन फोन येऊन जात.

तरीही अडवोआने सोसलं. मग एके दिवशी पोमामावशीचा मुलगा अनोक्ये दारात येऊन उभा राहिला.

"ताई, रविवारी मोठी माणसं येतायत. वायर गुंडाळून ठेव."

"कसली वायर?"

"संगणकाची. मामांनी त्यात घराण्याचं ते बसवलंय ना? म्हणजे तो आता घराण्याचा झाला. मोठ्या घरी माझ्या खोलीत ठेवायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"फोनवर ठरलं."

"आणि मी पोस्टरं कशावर करू? केळीच्या पानावर?"

"तू ये ना तिकडे. दुपारी मी झोपलेला असतो, तेव्हा तो मोकळाच असेल."

"आणि सकाळी काय करतोस?"

अनोक्येने याचा प्रामाणिकपणे विचार केला. "सकाळी मी जागा असतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर अडवोआ संगणकापुढे बसली. शाळेतली नोकरी सोडताना हाती आलेल्या पैशांतून तिने तो घेतला होता. घराण्याने तेव्हा आशीर्वाद दिला होता, तोही फोनवर. आता तो संगणक अनोक्येच्या खोलीत गेला, की चूल कशावर पेटणार हा प्रश्न होता. तिने डिव्हाइस मॅनेजर उघडला, मामांचा अडॅप्टर शोधला, अनइन्स्टॉल केलं. तो गेला. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर रजेवरून परतलेल्या कारकुनासारखा तो आपल्या जागी हजर. पुन्हा काढला. पुन्हा आला.

मग तिच्या ध्यानात आलं. अडॅप्टर हा नुसता पाहुणा होता. त्याला बोलावून आणणारा मामांचा प्रोग्रॅम आत मांडी ठोकून बसलेला. यजमान घरात आहे तोवर पाहुण्याला कितीदा बखोटीला धरून बाहेर काढलं, तरी तो मागच्या दाराने येणार. आधी यजमान घालवायचा, मग पाहुणा, मग ड्रायव्हर नावाचं त्याचं मागे राहिलेलं बोचकं.

माउस त्या प्रोग्रॅमवर नेऊन ती थांबली. आत्ता काढला तर रविवारी हेच लोक म्हणतील, घराण्याची वस्तू हिने चोरून मोडली. चोरून का म्हणून? ज्या खुर्चीत बसून त्यांनी बसवला, त्याच खुर्चीत बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढीन. तिने पडदा बंद केला आणि एका मयताच्या सुतक्यांची नावं लावायला घेतली.

रविवारी चर्च सुटल्यावर मंडळी आली. पुढे पोमामावशी, घराण्यातली सगळ्यांत मोठी बाई. मागून ओपानिन बाडू, म्हणजे बैठकीत दोन्ही बाजूंचं बोलणं इकडून तिकडे पोचवणारे वडीलधारे. सर्वांत शेवटी अनोक्ये, हातात रिकामं खोकं आणि सुतळी. अडवोआने रीतीप्रमाणे सगळ्यांना पाणी दिलं आणि रीतीप्रमाणेच, जसं काही ठाऊकच नाही अशा चेहऱ्याने, येण्याचं प्रयोजन विचारलं. मामांचा व्हिडिओ कॉल लावलेला फोन मायलोच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात मामांचं कपाळ दिसत होतं.

मामा बोलले. ते सगळ्यांनी ऐकलं. तरी बाडूंनी घसा साफ करून अडवोआला सांगितलं, "तुझे मामा म्हणतात, घराण्याची वीट तुझ्या यंत्राला लागली आहे. यंत्राने आता घराण्याच्या घरी यावं."

"मामांना सांगा, वीट मी मागितली नव्हती. आणि संगणक मिळणार नाही."

बाडू फोनकडे वळले. "पोर म्हणते, विटेबद्दल ती आपली ऋणी आहे. संगणकाचं मात्र तिला जरा विचार करून सांगावं लागेल."

"मी असं म्हटलं नाही."

"काय म्हटलंस ते मला कळलं. शब्द धुऊन पुढे द्यायचे हे माझं काम आहे."

"मग हा न धुता द्या. नाही म्हणजे नाही."

"मला ऐकू येतंय," फोनमधून मामा म्हणाले.

"तुम्हाला अजून सांगितलेलं नाही," बाडू म्हणाले.

पोमामावशीने काठी जमिनीवर आपटली. "ती वीट आहे कुठे? दोन वर्षं नुसती ऐकतेय. मला दाखवा."

अडवोआने पडद्यावर बोट ठेवलं. "ही."

"ही तर एक ओळ आहे."

"आभासी आहे मावशी. म्हणजे नसते, पण आहे असं धरून चालायचं."

"अनोक्येच्या धंद्यासारखी," मावशी म्हणाली. अनोक्ये तिचा पोटचा मुलगा असल्यामुळे यावर हसायची सोय नव्हती. "बरं. वीट लागली तर घर घराण्याचं. आणि वीट काढून घेतली तर?"

भिंत न पाडता वीट काढल्याचं बाडूंच्या ऐकिवात नव्हतं.

"मी काढते," अडवोआ म्हणाली. "भिंत पडलीच, तर अनोक्येने तुकडे त्या खोक्यात भरून न्यावेत."

"तिला हात लावू देऊ नका, मोडून ठेवील," मामा बाडूंना वगळूनच बोलले. "अनोक्ये, तू काढ."

अनोक्ये ऐटीत बसला. त्याने ओळ शोधली, अनइन्स्टॉल केलं, संगणक रीस्टार्ट केला. सगळे वाकून बघत राहिले. पडदा उजळला. ओळ जागच्या जागी होती.

"पाहिलंत?" मामांचं कपाळ चमकलं. "रक्ताचं नातं डिलीट होत नसतं."

बाडूंना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते न धुताच पुढे दिलं.

"ऊठ," अडवोआ अनोक्येला म्हणाली.

"पोरी, हे तू घराण्याच्या विरोधात जातेयस," मामा म्हणाले.

"हो. आणि तुम्ही बघत असताना जातेय. ओपानिन, हेसुद्धा जसंच्या तसं सांगा."

बाडूंनी या खेपेला पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

तिने प्रोग्रॅमांची यादी उघडली, मामांचा प्रोग्रॅम निवडला आणि काढायला सांगितलं. पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. मागे उभ्या अनोक्येने ती मोठ्याने वाचली. "या जाळ्यात सध्या एक सदस्य आहे. तो गेल्यास जाळं कायमचं बंद होईल. पुढे जायचं का?"

अडवोआ पुढे गेली. मग अडॅप्टर काढला, ड्रायव्हरही पुसून टाका या चौकोनात खूण केली आणि संगणक रीस्टार्ट केला. बाडूंनी आणखी पाणी मागितलं. पडदा उजळला. ओळ नव्हती. संगणक होता तिथेच होता, आणि छापखान्याला जायचं पोस्टर पाणी पिऊन होईतो निघूनही गेलं.

"भिंत उभी आहे, वीट नाही," पोमामावशी म्हणाली. "यंत्र पोरीचं. अनोक्ये, ते खोकं उचल आणि चालू लाग." उठता उठता ती थांबली. "पण निमाको, त्यात सदस्य एकच कसा? तू नव्हतास?"

फोनमधलं कपाळ जरा खाली झुकलं. मामा पुटपुटले ते बाडूंनी कान लावून ऐकलं आणि घसा साफ केला.

निमाकोमामा आपला पासवर्ड दोन नाताळांपूर्वीच, हॅम्बुर्गला पोचायच्या आत विसरले होते.