पांढऱ्या गाडीपुढे बसलेल्या बायका

"बसनं न्या," काग्वा म्हणाला. "बसवाले नेतात, न्याबो. टपावर दोरीनं पक्कं बांधतात. इकडे सगळे तसंच नेतात."

शाळेच्या पत्र्याच्या ऑफिसात मी त्याच्यासमोर उभी होते. शेजारच्या वर्गात दोन बाकं जोडून त्यांवर माझ्या आईची शवपेटी ठेवलेली होती. तालुक्याच्या दवाखान्यातून ती वाळूच्या ट्रॅक्टरवरून आली होती, आणि हा आता टपाची गोष्ट करत होता.

बस तीनदा बदलावी लागते, हे मी त्याला सांगितलं. प्रत्येक ठिकाणी पेटी कोण उतरवणार, असं विचारलं. हमाल मिळतात, तो म्हणाला. अगदी आदराने म्हणाला. न्याबो, म्हणजे बाईसाहेब, म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नव्हतं.

काग्वा या शाळेचा व्यवस्थापक. कंपालाचा माणूस, चाळिशीतला, धुळीच्या गावातही इस्त्रीचा शर्ट घालणारा. शाळा एका परदेशी संस्थेची, युगांडाच्या उत्तर टोकाला, सुदानच्या लढाईतून पळून आलेल्या अचोली मुलांसाठी. माझी आई, डोर्सिला अपोंडी, इथे स्वयंसेवक शिक्षिका होती. केनियात सरकारी शाळेत जन्मभर शिकवून ती निवृत्त झाली, वडील गेले, आणि घरच्या अंगणात बसून नातवंडं खेळवायची सोडून ती सीमा ओलांडून इकडे आली. पगार नाही. राहायला खोली, मक्याचं पीठ, घेवड्याच्या बिया, साबण, आणि काम संपल्यावर घरी परतायचं भाडं. बसचं.

"बाहेर गाडी उभी आहे की," मी म्हणाले.

आंब्याच्या झाडाखाली संस्थेची पांढरी गाडी उभी होती. शोकसभेसाठी मुख्य कार्यालयातून ब्रांट नावाच्या बाई आल्या होत्या. दुपारी त्यांना गुलूला विमान गाठायचं होतं.

"ती पाहुण्यांची. आणि तुमच्या आईंना ती लागू होत नाही. समुद्रापलीकडून येणाऱ्या स्वयंसेवकांची यादी वेगळी, त्यांचा विमा वेगळा. शेजारच्या देशांतले आपण लोक वेगळ्या यादीत. मीपण त्याच यादीत आहे, न्याबो. माझ्यावर चिडून काय होणार?"

"मग तुम्हाला तर कळायला हवं होतं," मी म्हणाले आणि बाहेर पडले. अजून थोडी थांबले असते तर त्याच्या टेबलावरची शाई त्याच्या शर्टावर ओतली असती.

आमच्या लुओ लोकांत घराबाहेर मेलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या घरात एक रात्र झोपवतात, मग माती देतात. गावी काका, आत्या, शेजारणी जमून बसल्या होत्या. अंगणात चुली पेटल्या होत्या. फाटकातून ती कशी आत येते, हे सगळे बघणार होते. दोऱ्यांनी आवळलेली, कोंबड्यांच्या पाट्यांशेजारची पेटी मी त्यांच्यासमोर उतरवून घेणार नव्हते.

लामवाका मला आईच्या खोलीवर घेऊन गेली. ती आईची शेजारीण. मुलांसाठी लापशी शिजवायचं काम तिचं. रुंद खांद्यांची, चार मुलांची आई. नवरा सीमेपलीकडेच राहिलेला.

"बाईंची लेक तू," ती म्हणाली. "नाक त्यांचंच आहे. राग पण."

तिची भाषा आमच्या भाषेची चुलत बहीण. निम्मं कळतं, निम्मं चेहऱ्यावरून लावून घ्यायचं. आईचं इथे जमलं ते त्यामुळेच. उजाडायच्या आत ती पंपाच्या रांगेत पिवळा कॅन ठेवायची, आणि रांग मोडणाऱ्या बायकांना पाढे म्हणायला लावायची. ताडपत्रीच्या वर्गात शंभरावर मुलं. मागच्यांना ऐकू जावं म्हणून ती शिकवत शिकवत वर्गभर चालायची. दुपारी घेवडा आणि पिठाचा गोळा. संध्याकाळी बायकांची अक्षरओळख. त्या वर्गात लामवाका सगळ्यांत मठ्ठ, असं लामवाकानेच सांगितलं. रविवारी आई टेकाडावर चढून मला फोन करायची, कारण रेंज तिथेच यायची. मी प्रत्येक वेळी विचारायचे, कधी येतेस. ती म्हणायची, गावात मी फलाण्याची विधवा आहे, इथे मी बाई आहे, थोडे दिवस राहू दे. दर रविवारी हेच. मी तिच्यावरही चिडलेली होते. अजून आहे.

मग लामवाकाने तिच्या आजारपणाचं सांगितलं.

शाळेत टिल नावाचा जर्मन मुलगा गणित शिकवायला आला होता. उंच, हसरा, कोवळा. त्याला हिवताप चढला तेव्हा आईने त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, पेज भरवली. त्याचा ताप डोक्यात जायच्या बेताला आला आणि आईला थंडी वाजून आली. काग्वाने कंपालाला फोन केला. माळावरच्या धावपट्टीवर छोटं विमान उतरलं. टिलला स्ट्रेचरवरून नेलं. लामवाका काग्वाच्या मागे मागे पळत गेली. विमानात जागा होती, तिने डोळ्यांनी बघितली. काग्वाने पुन्हा फोन केला. तिकडून नकार आला.

"मी बाईंना येऊन सांगितलं, तुम्हाला नेत नाहीत म्हणून," लामवाका म्हणाली. "तर हसल्या. म्हणाल्या, अगं तो पोरगा लांबलचक आहे, पाय पसरू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी आईला मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. पुढे चालवणारा, मागे लामवाका, मध्ये ती. वाटेत एकदा तिने थांबायला सांगितलं, खाली उतरून रस्त्याकडेला बसली, उठली आणि पुन्हा बसली गाडीवर. दवाखान्यात पोहोचल्यावर तिने सगळ्या नर्सना नावं विचारली. नंतर काही बोलली नाही.

मी आईच्या खाटेवर बसून राहिले. रडू येत नव्हतं. टिलबद्दल मला काही वाटत नव्हतं. तो जगला हे चांगलंच झालं. पण फोनच्या त्या टोकाला कोणीतरी, यादी बघून, शांत आवाजात नाही म्हणालं होतं, आणि नंतर बहुधा जेवायला गेलं होतं.

शोकसभेत ब्रांटबाई बोलल्या. अपोंडी या साऱ्यांच्या आई होत्या, त्यांना वाचवायचे सर्व प्रयत्न संस्थेने केले, असं त्या म्हणाल्या. काग्वाने त्याचं भाषांतर केलं. सर्व प्रयत्न या शब्दांशी त्याचा आवाज जरा खाली गेला. मग लामवाका उठली. ती भाषण करेल असं मला वाटलं. तिने फक्त आपली चटई उचलली, बाहेर गेली, आणि पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांशी टेकून ती अंथरली. बसली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. मग मोजता येईनात. पुढे, मागे, दोन्ही बाजूंनी चटया. एकीने हेल काढून रडायला सुरुवात केली, बाकीच्यांनी सूर धरला.

अचोलींमध्ये मयताला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणत नाहीत. मयत घरातून निघेपर्यंत नाही. म्हणणाऱ्याच्या दारात पुढे कोणी बसायला येत नाही.

काग्वा धावत आला. त्याने लामवाकाला बाजूला यायला सांगितलं, ती आली नाही. मग वाकून, दबक्या आवाजात बोलला. मी जवळच होते.

"गाडी अडवलीत तर संस्था उद्या लापशी बंद करेल. तुझं काम जाईल. कळतंय का?"

"गाडी कुणी अडवली, बाबा?" लामवाका म्हणाली. "आम्ही मयताला बसलोय. सावली इथंच आहे. तुम्ही गाडी सावलीत लावली, त्याला आम्ही काय करायचं?"

बायकांमधून कोणीतरी हसलं आणि लगेच रडायला लागलं.

ब्रांटबाई वर्गाच्या पायरीवर उभ्या होत्या. घड्याळ बघत होत्या, आणि आपण घड्याळ बघतोय हे लक्षात आल्यावर हात मागे घेत होत्या. या काय मागतात, त्यांनी काग्वाला विचारलं. तो उत्तर जुळवायला लागला. त्याच्या आधी मी बोलले. सावकाश, इंग्रजीत, एकदाही आवाज न चढवता. विमान, त्यातली जागा, फोन, मोटरसायकल, ट्रॅक्टर, टप. त्यांना हे माहीत नव्हतं. खरंच नसावं, चेहरा उतरला. हा धोरणाचा प्रश्न आहे, त्या म्हणाल्या, परत गेल्यावर मी तो नक्की मांडेन.

"मांडा," मी म्हणाले. "गाडी मला आत्ता हवी आहे."

त्यांनी काग्वाकडे बघितलं. काग्वाने जमिनीकडे बघितलं. ड्रायव्हर म्हणाला की मयत घेऊन मी हद्द ओलांडणार नाही, नोकरी गेली तरी. बायका रडत होत्या, ऊन सरकत होतं.

काग्वाने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. गाडीचं मागचं दार उघडून, बायकांच्या मधून वाट काढत, हत्यारांची पेटी काढली आणि गुडघ्यांवर बसून मागच्या सीटचे नट सैल करायला लागला. एक नट गंजलेला होता. त्याच्या बोटाला लागलं, शर्टावर रक्त आलं. कोणी मदत केली नाही. त्यानेही मागितली नाही. सीट निघाल्यावर त्याने ती आंब्याखाली ठेवली आणि ड्रायव्हरकडे किल्लीसाठी हात पुढे केला.

"माझं विमान?" ब्रांटबाईंनी विचारलं.

लामवाकाला इंग्रजी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. ती चटईवर जरा सरकली, शेजारची जागा हाताने झटकली. "बस म्हणावं तिला. उद्या सकाळी बस आहे. आत बसून जाईल. टपावर नाही पाठवणार आम्ही."

हे कोणी भाषांतर केलं नाही. ब्रांटबाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या, मग खाली बसल्या.

पेटी बायकांनी आणली. पुरुषांना त्यांनी हात लावू दिला नाही. पेटी गाडीत सरकवली आणि मग एकेक चटई उचलली गेली. लामवाकाने मला मिठी वगैरे मारली नाही. पिठाची पुरचुंडी दिली आणि म्हणाली की घरी पोहोचल्यावर बाईंना सांग, तेराचा पाढा मला अजून येत नाही. मग ती लापशीच्या भांड्याकडे गेली. मुलं भुकेली होती.

गाडी काग्वाच चालवत होता. लिरा शहराच्या अलीकडे त्याने विचारलं, पुढे येऊन बसता का, न्याबो, मागे त्रास होईल. मी नको म्हटलं. त्याने पाण्याची बाटली मागे धरली, तीही मी घेतली नाही.

रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला पेटी दाराकडे घसरायची. मी तिच्या आणि दाराच्या मध्ये बसले, पाय दाराला रोवले आणि पाठ फळीला लावली. फळ्या नवीन होत्या, त्यांना ओल्या लाकडाचा वास येत होता. खड्डा आला की तिचं सगळं वजन माझ्या पाठीवर यायचं. मी ते मागे ढकलायचे, आणि पुढच्या खड्ड्याची वाट बघायचे.