रिकाम्या रांगेची परीक्षा

"टोकन-प्रणालीची चाचणी-व्यवस्था निर्दोष होती व सर्व चाचण्या उत्तीर्ण होत्या, सबब सदोष बदल श्रीमती पौर्णिमा यांनी चाचणी टाळून, परस्पर केला, हे सिद्ध होते."

वाशीममधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या चौकशी अहवालातले हे वाक्य. 'सबब' या शब्दाने मराठी दफ्तरांत आजवर पुष्कळ ओझी वाहिली आहेत, पण इतके निर्लज्ज ओझे त्याच्या पाठीवर क्वचितच कोणी लादले असेल. चाचण्या उत्तीर्ण होत्या, हे खरे. त्या नेमकी कशाची परीक्षा घेत होत्या, हे विचारण्याची तसदी मात्र अहवालकर्त्याने घेतली नव्हती. अहवालकर्ते धनराज हेच चाचणी-व्यवस्थेचे प्रमुख. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतःलाच साक्षीला बोलावले होते आणि साक्ष समाधानकारक वाटल्याचे नमूद केले होते.

घडले ते असे. मालेगाव रस्त्यावरच्या एका खासगी खरेदी केंद्रावर सोयाबीन घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरना या कंपनीच्या प्रोग्रॅमवरून टोकन मिळे. ऐन हंगामात केंद्राने दुसरे फाटक उघडले आणि दोन्ही फाटकांवरून एकच नंबर निघाला. एक मिळाला दिलावरभाई या व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरला, दुसरा लालसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या. वजनकाट्यापाशी दोघांनी एकमेकांच्या खानदानाचा सविस्तर परामर्श घेतला. त्यात लालसिंगचा सदरा फाटला आणि दिलावरभाईंच्या चष्म्याची काडी गेली.

दुसऱ्या फाटकासाठी प्रोग्रॅममध्ये लिहिलेली ओळ पौर्णिमाची होती आणि चूक त्याच ओळीत होती. ते तिने त्याच दिवशी सांगून टाकले होते. चूक कबूल करण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता; न केलेली लबाडी कबूल करण्याची तिची तयारी नव्हती. 'परस्पर' या एका शब्दाने अहवालाने तिला चुकणाऱ्यांतून उचलून फसवणाऱ्यांत बसवले होते. तो शब्द कायम राहिला, तर नोकरी जाणार हे उघडच होते. शिवाय यापुढे कोणी आपला प्रोग्रॅम तिच्या हाती दिला नसता. किन्हीराजासारख्या खेड्यातून निघून तिने जे कमावले होते, त्यात नोकरीपेक्षा हा विश्वास मोठा होता.

अहवाल मंजूर करण्याच्या बैठकीला केंद्रातल्या व्यापाऱ्यांच्या वतीने दिलावरभाई आले, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावून.

"बाई, काय बोलाचं ते बोलून घ्या," धनराज म्हणाले. "अहवाल तं झालाच हाय."

"बोलाचं नाई, धनराजभाऊ, दाखवाचं हाय." पौर्णिमाने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. "दिलावरभाई, एक नंबर सांगा. कोनता बी."

"सात. पन आता कोनासंग वाटून नोका देऊ. चष्मा एकच हाय माह्याजवळ."

तिने दोन ओळी बदलल्या. "आता ज्या फाटकातून जो ट्रॅक्टर येईन, त्याले सातच नंबर भेटन. पाहा हं." आणि तिने सर्वांसमोर चाचण्या चालवल्या.

पडदा हिरवागार झाला. सर्व उत्तीर्ण.

दिलावरभाईंनी चष्मा सावरला. "म्हंजे? समद्यायले सात, अन् मशीन म्हणते बराबर हाय? याच्याहून तं लालसिंग बरा. त्यानं निदान भांडण तरी केलं!"

"मशीन लबाड नाई, भाई. तिच्याम्होरं ट्रॅक्टरच नाईत."

प्रत्येक चाचणीच्या आधी एक सेटअप चालणे अपेक्षित असते. तो खोट्या ट्रॅक्टरांची एक ठरावीक रांग उभी करतो आणि मग चाचणी विचारते, या रांगेत कोणा दोघांना एकच नंबर मिळाला का? रांग रिकामी असेल, तर उत्तर कायमचे 'नाही' असते. असल्या परीक्षेत नापास होणे देवालाही जमायचे नाही.

"मंग सेटअप चालला काहून नाई?" दिलावरभाईंनी विचारले.

पौर्णिमाने सेटअपच्या डोक्यावरची कमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप, दाखवली. तिथे सुरेख मराठीत लिहिले होते: 'हे आधी चालवावे.'

सूत्र आणि टीका यांतला भेद आपल्याकडे पोथ्या नकलणाऱ्यालाही ठाऊक असे. सूत्राच्या अक्षराला हात लावायचा नाही. टीका ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे लिहावी. या कंपनीत मात्र जुन्या रिवाजाने सूत्रच टीकेत लिहून ठेवलेले होते. सेटअप आधी चालवण्याचा आदेश कोडमध्ये नव्हता. तो कमेंटमध्ये, एका ठरावीक इंग्रजी शब्दात होता, आणि चाचणीचे साधन तेवढा शब्द वेचून पाळत असे. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाला धनराजांनी फर्मान काढले, की सर्व कमेंट मराठीत हव्यात. अनुवाद झाला, पेढे वाटले गेले, आणि अनुवादाबरोबर आदेशही गेला. माणसांना तो आता अधिक चांगला कळत होता. साधनाला तो दिसतच नव्हता.

"आता मराठीत लिवनं बी गुन्हा झाला काय?" धनराज उसळले.

"माह्या कमेंटा तुमच्या फर्मानाच्या पयलेपासून मराठीत हायेत, भाऊ. कमेंट मानसासाठी असते, मराठीतच पायजे. आदेश तिथं ठेवाचा नसते."

तिने सेटअपच्या डोक्यावर एक छोटी ओळ लिहिली, चौकटी कंसात. ॲट्रिब्यूट. आदेश तोच, पण आता तो खुद्द भाषेच्या रचनेतला, कोडचा भाग झालेला. कमेंटचा अनुवाद करणारा त्याला शिवत नाही, कमेंट पुसणाऱ्यालाही तो सापडत नाही. मराठी कमेंट तिने खाली जशीच्या तशी राहू दिली आणि चाचण्या पुन्हा चालवल्या.

पडदा लालभडक झाला. रांगेतल्या प्रत्येक ट्रॅक्टरला सात नंबर मिळाल्याची तक्रार पानभर उमटली.

मग तिने सातचा खेळ काढून टाकला आणि दुसऱ्या फाटकाची आपली चुकीची ओळ होती तशी परत ठेवली. पडदा लालच राहिला.

"ही माही चूक," ती म्हणाली. "सेटअप चालला असता, तं त्याच दिवशी सापडली असती. म्या टेस्ट टाळली नाई. टेस्ट चालवली, अन् तिनं मले हिरवं दाखवलं."

दिलावरभाई धनराजांकडे वळले. "मंग फर्मान काढ्याच्या वक्ती तुमाले कोनीच सांगतलं नाई, का हे असं होईन म्हणून?"

धनराजांनी पौर्णिमाकडे पाहिले. ती लॅपटॉपची वायर काढत होती. फेब्रुवारीच्या बैठकीत, पेढ्यांच्या आधी, ती पुरेसे बोलली होती.

"अहवाल तर होईल दुरुस्त," धनराज अखेर प्रमाणभाषेत म्हणाले. "'तांत्रिक कारणास्तव' असे लिहिता येईल."

"नाई बाप्पा," दिलावरभाई म्हणाले. "आमच्याकडं काट्यावर जे वजन निंगते तेच लिवतेत. तुमी बोला, तुमच्या तोंडून निंगन तेच लिवाचं."

अहवालातून 'परस्पर' हा शब्द गेला, 'सबब'ही गेला. त्या वाक्याच्या जागी आता धनराजांचे म्हणणे आहे, त्यांच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता:

"कमेंटा मराठीत कराचं फर्मान माहंच होतं. पौर्णिमानं तवाच सांगतलं होतं, का पयले आदेश ॲट्रिब्यूटात घ्या, मंग कमेंटायले हात लावा. मी म्हटलं, दोन्ही एकच हाय. मले फरक मालूम नव्हता, अन् मी इचारला बी नाई. टेस्टा हिरव्या दिसल्या, म्हणून तिचं नाव लिवलं."