पालथं पडून पाहिलेला बर्फ

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. जिभेमुळे नव्हे, तशी ती अबोलच होती. पण कापडाला एकदा कात्री लावली की ती थेट दुसऱ्या टोकालाच उचलायची. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्यावर पांढऱ्या अस्तराचा तागा सोडला की तो उलगडत पार टोकाला जायचा, आणि काही दिवस असे यायचे की कात्री हातात धरून ती नुसती त्या पांढऱ्या उताराकडे बघत राहायची. मालक म्हणायचे, आली वाटतं हिची बर्फाची साथ.

ही साथ चार वर्षांनी एकदा यायची, टीव्हीवर हिवाळी खेळ लागायचे तेव्हा. ती काही जाणकार नव्हती. खेळाडू कुठल्या देशाचा, गुण कसे मोजतात, यातलं तिला ओ की ठो कळत नसे. कोण जिंकलं हेही ती दुसऱ्या दिवशी विसरून जायची. फ्रीजमधला सोडून दुसरा बर्फ तिनं कधी पाहिला नव्हता. पण शाळकरी वयात एकदा बसची वाट बघताना टीव्हीच्या दुकानाच्या काचेआड तिला एक माणूस दिसला होता. उंच उतारावरून तो सुटला, हवेत झेपावला आणि खाली यायचं विसरून गेल्यासारखा तिथंच राहिला. तेवढ्यात तिची बस येऊन निघूनही गेली. तेव्हापासून तिला तो क्षण हवा असायचा. बाकीचे खेळ म्हणजे त्या क्षणाचा शेजारपाजार.

या वेळी तिनं रजा आधीच मागून ठेवली. सोफा सरकवला. दुपारची तिरीप टीव्हीवर पडू नये म्हणून खिडकीला जाड पडदा शिवला. नवरा पंपघरात कामाला होता. तो म्हणाला, एवढी तयारी तर आपल्या लग्नातही नव्हती.

खेळ सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. कापड कापताना तिच्या डाव्या डोळ्यासमोर काळी माशी घिरट्या घालू लागली. हातानं उडवली, तरी जाईना. दुसऱ्या दिवशी बाजूनं एक काळोखी सावली आत सरकली. डॉक्टरांना तिनं आपल्याला येत होतं तसं सांगितलं, “कुणीतरी कडेनं पडदा ओढतंय.” डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला.

डोळ्याच्या मागचा पातळ पदर सुटला होता. लगोलग शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. त्यानं तो पदर मागच्या मागे दाबून धरायचा, आणि बुडबुडा जागेवर राहावा म्हणून तिनं पालथं पडून राहायचं. जेवताना, बोलताना, झोपताना तोंड जमिनीकडे. नजर किती परत येईल हे आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याला रजा मिळेना. त्यानं वडिलांना बोलावून घेतलं.

सासऱ्यांचा जन्म लिफ्टची दुरुस्ती करण्यात गेला होता. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहत. इतक्या वर्षांत सून-सासऱ्यात बोलणं असं झालंच नव्हतं. भांडण नव्हतं, पण दोघांनाही सुरुवात कुठून करायची ते कळत नसे. पाणी हवं असलं तरी ते भिंतीला विचारल्यासारखे “पाणी मिळेल का” म्हणायचे. आता पाणी तेच आणायचे आणि वाकून तिच्या हाताशी नळी लावलेला पेला धरायचे.

खेळ सुरू झाले त्या दुपारी त्यांनी न सांगता टीव्ही लावला. पलंगाच्या कडेला लावलेल्या दोन उशांच्या फटीतून तिला फरशीचा एक चौकोन तेवढा दिसत होता. समालोचन परक्या भाषेत चाललं होतं. मधूनच लोक ओरडत, मग सगळं शांत होई.

“बाबा, काय चाललंय?” शेवटी तिनं विचारलं.

“एक जण निघालाय.”

“कुठे?”

“खाली.” मग बऱ्याच वेळानं, “पोचला.”

तिला उशीत तोंड खुपसून हसू आलं. डोकं हलवायचं नाही हे आठवून तिनं ते कसंबसं आवरलं.

पण बाबा मुळात यंत्रं बघणारा माणूस. एखादी गोष्ट समोर हलत असली की ती कशी हलते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दोनतीन दिवसांत त्यांची खुर्ची टीव्हीजवळ सरकली. घसरगाडीवर उताणं झोपून खाली येणारे लोक आपल्या पायांकडे बघतसुद्धा नाहीत, हे त्यांनी तिला नवलानं सांगितलं. बर्फावर दगड सरकवून त्याच्यापुढे झाडू मारत पळणाऱ्यांचं मात्र त्यांना हसू आवरेना. एवढा जीव लावून घर कुणी झाडत नाही, म्हणाले.

मग उड्यांचा दिवस आला. तिनं काही विचारायच्या आतच ते सांगू लागले. वर एक दांडी आहे, तिच्यावर एक मुलगा बसलाय. वाऱ्याची वाट बघतोय. आता त्यानं हात सोडले. पाठ वाकवली. सुटला.

मग बाबांचा आवाज बंद झाला.

“बाबा?”

“थांब,” ते हळूच म्हणाले. “अजून वरच आहे.”

फरशीचा चौकोन तिच्या डोळ्यांपुढे पांढरा होत गेला. खोली, पलंग, औषधाचा वास, सगळं मागे राहिलं. ती स्वतः पालथी, हात अंगालगत, आणि खाली दूरवर झाडांचे बारीक बारीक ठिपके. त्या माणसालाही वरून असंच दिसत असेल, त्याचंही तोंड जमिनीकडेच असतं की. इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“टेकला,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच मोठा श्वास सोडला.

त्या दुपारी टीव्ही बंद केल्यावरही ते खुर्चीतच बसून राहिले. मग एकदम सांगू लागले. उमेदीच्या काळात ते लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसून वर जायचे. कामच होतं ते, पण काम संपल्यावरही एखादी फेरी मारायचे. चारी बाजूंनी अंधार, दोरांची घरघर, खूप वर उजेडाची फट. मध्येच कुठेतरी, आपण वर चाललोय की भिंतीच खाली चालल्यात, ते कळेनासं व्हायचं.

“तुझ्या सासूलाही कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “तिनं उगाच घोर लावून घेतला असता.”

त्या दुपारी पहिल्यांदाच ते तिच्याशी ‘तू’ म्हणून बोलत होते. रात्री झोपेत तिला एक लिफ्ट दिसली, टप नसलेली, बर्फ पडत असताना सावकाश वर जाणारी.

सगळेच दिवस असे तरंगत गेले नाहीत. एका सकाळी तिच्या मनात आलं, हा डोळा गेला तर कापडाची कड सरळ कशी दिसणार? मग रडू थांबेना. थेंब सरळ फरशीवर पडत होते. बाबांनी ते पाहिले असावेत, कारण थोड्या वेळानं एक घडी घातलेला रुमाल त्या चौकोनावर आला आणि पावलं मागे गेली.

त्याच दुपारी बर्फावरचं नृत्य लागलं. बाबा नाचणाऱ्या एका मुलीची एकेक गिरकी सांगत होते. संगीत चालू असतानाच ते थबकले. लोकांचा ‘अरेरे’ असा आवाज आला.

“काय झालं?”

त्यांची खुर्ची नुसती करकरली.

“सांगा ना बाबा.”

“पडली,” ते म्हणाले. खोटं सांगणं त्यांच्या जिभेवर आलंच नाही.

“मग?”

“मग काय. गाणं कुठं थांबलंय? उठली. गुडघ्याला बर्फ चिकटलाय, तशीच फिरतेय.” जरा थांबून ते म्हणाले, “छान फिरतेय गं. मघापेक्षा छान.”

ती ऐकत राहिली. गाणं संपेपर्यंत तिनं रुमालाला हात लावला नाही.

खेळ संपत आले तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पदर धरला आहे. बुडबुडा आपोआप विरेल. थोडी नजर येईल, पूर्वीसारखी नाही. आता बसायला हरकत नाही.

शेवटच्या दिवशी ती आणि बाबा सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. सवयीनं ते सांगायला लागले आणि एकदम ओशाळून गप्प झाले. “आता तुलाच दिसतंय की.”

तिनं उजवा डोळा हातानं झाकला. डाव्या डोळ्यात वरचा भाग धुक्यासारखा दिसत होता आणि खाली बुडबुड्याची कड पाण्यासारखी थरथरत होती. वरून एक रंगीत ठिपका आला, कडेशी वाकला, लांबट झाला आणि चकाकत आत विरघळला. तिनं हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. ठिपके येत राहिले आणि ती सांगत राहिली. बाबांनी टीव्हीकडे बघायचं सोडून दिलं होतं. ते तिच्याकडे तोंड करून, मान किंचित खाली घालून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या घरी गेले. महिन्याभरानं ती कामावर परतली. डाव्या डोळ्याला सरळ रेघ मध्ये जराशी लवलेली दिसायची. ती उजव्यानं खात्री करून घ्यायची, मग कात्री लावायची. जास्त वेळ लागायचा. मालक तो देत.

एका संध्याकाळी घरी फोन वाजला. बाबा आपणहून फोन करणाऱ्यातले नव्हते. नवऱ्यानं घाबरूनच उचलला, पण त्यांना सुनेशी बोलायचं होतं. त्यांनी डोळ्याचं विचारलं, थेंब घालतेस ना विचारलं, मग खाकरले.

“ते बर्फाचं पुन्हा कधी असतं?”

“चार वर्षांनी, बाबा.”

पलीकडे ते मनातल्या मनात आपल्या वयाचा हिशेब करत असावेत. “मध्ये काहीच नसतं?”

“उन्हाळ्यातले खेळ असतात. पण त्यात बर्फ नसतो.”

“मग नको,” ते म्हणाले. “थांबू आपण.”