रोकामोन्फिना, नग एक

घडी घालून घालून मऊ पडलेली हिरवी पावती.

भैरवीचे सुजलेले पाय.

रोकामोन्फिना म्हणजे इटलीतला एक विझलेला ज्वालामुखी. त्या मुलखाबाहेरच्या वाइनला ते नाव लावता येत नाही. तसा कायदाच आहे.

चौदा दिवस.

वसंतरावांनी नोकरीची शेवटची सहा वर्षं नाशिकच्या वाइनला असंच तिच्या जागेचं नाव मिळावं म्हणून कागद रंगवण्यात घालवली. रोकामोन्फिनाचा वाइनवाला एन्झो त्यांना त्याच कामात भेटला. दोघांची जमीन लाव्ह्याची. भाषा एकमेकांची येईना, म्हणून खिशातले काळे दगड दाखवून मैत्री झाली. गेल्या साली एन्झो गेला. त्याच्या हातची शेवटची बाटली त्याच्या बायकोने भेटायला गेलेल्या वसंतरावांना दिली. वर्षश्राद्धाला ती दिंडोरीतल्या आपल्या वेलीच्या मुळाशी ओतेन, असा शब्द देऊन ते रोमहून निघाले आणि वाटेत दोह्याला लेकीकडे उतरले. भैरवीला आई नाही, बाळंतपणाला तेच.

या देशात दारू आणता येत नाही, हे जावयाने, कुणालने, फोनवर बजावलं होतं. पण लेबलावर मुलखाचं नाव छापलेलं. ही दारू कसली, हा तर दस्तऐवज! वसंतरावांनी बाटली विमानतळावर आपणहून तपासणीच्या टेबलावर ठेवली आणि कायदा समजावून सांगितला.

टेबलामागच्या रहमानने सगळं ऐकून घेतलं आणि पावतीवर लिहिलं: मद्य, नग एक.

"गाँव का नाम तो लिखिए."

"चाचा, यहाँ सबका एक ही नाम है. चौदह दिन के अंदर, जाते वक़्त ले जाना, उसके बाद फेंक देते हैं. ख़ुद आना."

"लेबल वाचून कुणी सोडतं का हो, बाबा?" घरी कुणालने डोक्याला हात लावला. तरी बाराव्या दिवशी नाशिकला निघालेल्या मित्राला पावती देऊन त्याने पाहिलं. "खलास, बाबा. ज्याची पावती त्यानेच न्यायची."

"तुम्ही जा ना," भैरवी म्हणाली. "नंतर या."

"नंतर म्हणजे बारशाच्या घुगऱ्या खायला? गप पड."

रात्रभर मात्र ते फोनवर विमानांच्या वेळा बघत राहिले.

चौदाव्या दिवशी सकाळी भैरवीला कळा सुरू झाल्या. इस्पितळात नवऱ्यालाच आत घेतलं. वसंतराव बाहेरच्या खुर्चीवर. शेवटचं विमान संध्याकाळचं. चार वाजले, पाच वाजले. दार उघडलं की ते उठत, परिचारिका शफा "अभी टाइम है, अंकल" म्हणे, की बसत. आत त्यांचं काही काम नव्हतं आणि इथून हलायची सोय नव्हती. सात वाजता, विमान सुटायच्या वेळेला, त्यांनी पावतीची आणखी एक घडी घातली.

एन्झोच्या बायकोने बाटली ज्या टॉवेलात गुंडाळली होती, तो रहमानने पहिल्याच दिवशी नीट घडी घालून परत दिला होता; बाळाला गुंडाळायला म्हणून तो आता त्यांच्या मांडीवर होता.