चोवीस बरण्या

१९५६ साली राज्याचे तीन तुकडे होणार म्हणून सरकारी प्रयोगशाळेचेही तीन तुकडे करायचे, असे ठरले होते. तराजू आंध्रकडे गेला आणि वजनांची पेटी मुंबई राज्याकडे. कोठी सांभाळणारे एकनाथराव नेटके गृहस्थ. वजने तराजूनंतर दोन महिन्यांनी आली, म्हणून त्यांनी ती साठा-नोंदवहीत वेगळ्या ओळीवर चढवली होती. वाटणी समितीने ओळी वाटल्या, वस्तू नव्हे. पेटीवर लाखेचे सील बसले तेव्हा एकनाथरावांनी मान खाली घातली. आपल्या सुवाच्य अक्षराची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली.

तिथल्या संशोधकाच्या, निवृत्तीच्या, टेबलावर तेव्हा चोवीस बरण्या होत्या. त्यांत मराठवाड्यातल्या चोवीस पेवांतली, जमिनीत खणलेल्या धान्याच्या कोठारांतली, ज्वारी होती. बारा पेवांना त्याने चुना, राख आणि एरंडेलाचा गिलावा दिला होता, बारा तशीच ठेवली होती. तीन वर्षे कुणी त्यांना हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात ती उघडली, आणि उघडलेले पेव पुन्हा तीन वर्षांचे होत नाही. दाण्यांत ओल किती, एवढेच मोजायचे उरले होते. आधी तोलायचे, रात्रभर भट्टीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे. ते राहिले तर तीन वर्षे मातीत गेली. आणि दोन दिवसांत बरण्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, कारण त्यांचीही वाटणी व्हायची होती.

निवृत्ती बोलायला भिणारा. तरी तो प्रमुख हिम्मतरावांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तराजू अजून जागेवरच होता; पेटी आज आणि उद्या एकेक तास उघडू द्यावी, अशी त्याची विनंती होती. हिम्मतराव दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाषण लिहीत होते. विज्ञान खेड्यापाड्यांत पोचले पाहिजे, अशा अर्थाचे ते काहीतरी होते. सील मोडता येणार नाही, असे त्यांनी मान वर न करता सांगितले.

त्या दुपारी निवृत्ती दाण्यांच्या चोवीस पुड्या घेऊन सुलतान बाजारात गेला. अंबाजी सोनाराच्या काट्यावर अर्धी गुंजही लपत नसे.

"जवारी तोलायला आलास?" अंबाजी म्हणाला. "हौला झालास का काय रे, डोकं फिरलं का? लोक इथं सोनं आणतात."

पण त्याने पारडी पुसली आणि एकेक पुडी देवाचा दागिना असल्यासारखी तोलली. भट्टी भिंतीत बसवलेली असल्यामुळे तिची वाटणी अजून झाली नव्हती. रात्रभर दाणे वाळले. दुसऱ्या सकाळी अंबाजीने ते पुन्हा तोलले, आणि या खेपेला थट्टा केली नाही.

गिलावा दिलेल्या पेवांत शेकडा दहा भाग ओल निघाली, बाकीच्यांत सतरा. निवृत्तीने आकडे तीनदा पडताळले. त्या सकाळी सुलतान बाजारातली धूळसुद्धा त्याला उजळलेली दिसली.

हिम्मतरावांनी कागद वाचला. "गुंजा?" ते म्हणाले. "दिल्लीला आता गुंजा पाठवू?"

निवृत्तीने हळू आवाजात सांगितले की माप कुठलेही असो, शेकडेवारी बदलत नाही.

"ते मला शिकवू नकोस. मला कळतं." हिम्मतरावांनी चष्मा काढला. "धान्य वाळवायचं यंत्र परदेशाहून येतंय. प्रस्ताव मंजूर झालाय. तुझ्या एरंडेलानं काम भागतं, हे आता कुणाला हवंय?"

त्यांनी कागदावर 'अमान्य' असे लिहिले, सावकाश, वळणदार अक्षरात. माणूस अडाणी असता तर निवृत्तीला राग आला असता. हा माणूस सगळे समजून बसला होता. त्याच्या नखांची स्वच्छता, मेजावरचे गुलाब, पाहुण्यांसाठी मागवलेल्या बिस्किटांचा गोड वास, सगळ्याचीच त्याला शिसारी आली.

मग पुढे एक पावती सरकली. 'काचेच्या बरण्या, रिकाम्या, चोवीस.' सही केली नाही तर नव्या राज्यातल्या नेमणुकीचा कागद हलणार नव्हता.

निवृत्तीने सही केली. मागच्या अंगणात त्याने स्वतःच्या हातांनी बरण्या उपड्या केल्या. तीन वर्षांची ज्वारी फरशीवर सांडली आणि कबुतरे उतरली. कुठल्या पेवातले दाणे कुठले, हे त्यांना सारखेच होते. आतल्या दालनातून हिम्मतरावांच्या भाषणाला पडलेल्या टाळ्या ऐकू आल्या. आपल्याच बोटांची त्याला किळस वाटली.

बरकतपुऱ्याच्या खोलीत मालनबाईंनी, त्याच्या आईने, सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात काही दाणे सापडले. तिने एक दाढेखाली धरला. कट्ट आवाज आला.

"खणखणीत कोरडी हाय," ती म्हणाली. "आपल्या पेवातली नव्हं ही. गिलाव्याची, व्हय? मग गावाला कळवलंस का?"

त्याने मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. मग कोनाड्यातले पोस्टकार्ड काढले आणि सही केलेल्या त्याच हाताने, खुशाली न विचारता, एका पेवाला चुना किती, राख किती आणि एरंडेल किती लागते, ते लिहायला घेतले.