शून्यावर आणायची सवय

मध्येच कोणी हसायचं नाही, आधीच सांगते, कारण हे घडत होतं तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं. पुलाच्या बरोबर मध्यावर गाडी बंद पडलेली. मागे हॉर्नवर हॉर्न. आणि शेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला माझा निळा डबा. डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि अकरा माणसांचं रक्त.

थांबा, थोडं मागून सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही.

तुम्हाला माहितीये ना, ही नोकरी मला गाडीमुळेच मिळाली. लॅबला घरोघर जाऊन रक्त काढणारी मुलगी हवी होती आणि अट एकच, स्वतःची चारचाकी. दुचाकीवर डबा हिंदकळतो, ट्यूबमधलं रक्त खराब होतं. मग मी आणि दादाने मिळून ही जुनी गाडी घेतली. सकाळी माझी, संध्याकाळी त्याची. गाडीचा हप्ता भरायचा तर नोकरी हवी, नोकरी टिकवायची तर गाडी हवी, म्हणजे मी त्या गाडीला बांधलेली आणि गाडी मला. पहिल्या महिन्यात बॅटरी गेली. दुसऱ्या महिन्यात विमा संपला, तो म्हणे आधीच्या मालकाने भरलेला होता, पण कधीपर्यंत ते आम्ही विचारलंच नव्हतं. मग दोन टायर. मग पार्किंग, कारण आमच्या इमारतीत गाडी उभी करायलाही भाडं पडतं, आणि मी ज्या खोलीत झोपते त्या खोलीपेक्षा ती जागा मोठी आहे.

आणि मग पेट्रोलचा काटा मेला. मेला म्हणजे कायमचा तळाला जाऊन बसला. टाकी भरलेली असो की कोरडी, तो आपला आडवा. आमचा गॅरेजवाला आहे ना, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो बॉनेट न उघडता नुसता आवाज ऐकून रोग सांगतो. तो म्हणाला की हा काटा सुटा मिळत नाही, टाकीतल्या पंपासकट सगळंच बदलावं लागेल, आणि पंपही आता म्हातारा झालाय, बदलूनच टाका. आकडा ऐकून मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो. माझा दीड पगार.

मग आम्ही आमची पद्धत काढली. समोर किलोमीटर मोजणारा छोटा आकडा असतो ना, ट्रिपचा, त्याच्याखाली एक बारीक बटण असतं. दाबून धरलं की आकडा शून्य. जो पेट्रोल भरेल त्याने टाकी पूर्ण भरायची आणि बटण दाबायचं. आकडा साडेतीनशेला पोचला की ज्याच्या हातात गाडी असेल त्याने मुकाट्याने पंपावर जायचं. तीन महिने हे घड्याळासारखं चाललं. आम्हाला तर वाटायला लागलं की काट्याची गरजच काय.

आता तो दिवस. माझ्या नोकरीच्या चाचणीकाळाचा शेवटचा आठवडा. लॅबच्या मॅडम, त्या जास्त बोलत नाहीत, घड्याळ बघतात. त्यांचा नियम म्हणजे पहिली सुई टोचल्यापासून दोन तासांत डबा त्यांच्या टेबलावर. एकदा उशीर झाला की विषय संपला, कारण-बिरण ऐकत नाहीत. माझ्या आधीची मुलगी एका उशिरावर घरी गेली होती.

पहिली सुई सहा पन्नासला. म्हणजे आठ पन्नासपर्यंत पोचायचं. दहा जण झाले आणि अकराव्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या. शीर सापडेना. उजव्या हातात नाही, डाव्या हातात नाही, शेवटी तळहाताच्या मागच्या बाजूला तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा कुठे ट्यूब भरली. आजी नुसतं छताकडे बघत होत्या. त्यांची मुलगी मात्र दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "परत टोचायला आलात तर मी दार उघडणार नाही."

आठ वाजून पाच मिनिटांनी मी पुलावर चढले. वेळेत होते. आणि चढावर गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग स्टेअरिंग जड झालं, समोरचे सगळे लाल दिवे एकदम पेटले, आणि होता तेवढ्या वेगावर मी तिला कशीबशी डावीकडे घेतली. बंद.

पहिली नजर कुठे गेली असेल? ट्रिपवर. एकशे अडतीस. म्हणजे पेट्रोल भरपूर. म्हणजे पंपच गेला. मी डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला चावी फिरव, मला ऐकू दे. मी फोन स्टेअरिंगजवळ धरून चावी फिरवली. गाडी खॅं-खॅं-खॅं करत राहिली. "पंप," तो म्हणाला, अगदी शांतपणे, "मी म्हटलं होतं ना." गाडी ओढून न्यायला माणूस पाठवतो, पण तासभर लागेल, आणि गाडी दोन दिवस मिळणार नाही.

दोन दिवस. उद्या सकाळी साडेपाचला माझी फेरी होती.

मी दादाला फोन केला. तो ऑफिसच्या वाटेवर होता आणि पहिलं वाक्य काय, तर त्याने उडून यावं का. मी म्हटलं उडून येऊ नकोस, फक्त सांग की पंप बदलायचा तर पैसे कुठून आणायचे, आणि निदान बरं झालं, परवा तू टाकी भरलीस ती तरी वाया जाणार नाही.



"मी कुठे भरली," दादा म्हणाला. "तूच भरलीस ना?"

मी वाकून परत तो एकशे अडतीसचा आकडा बघितला. कारण सोमवारी सकाळी मी गाडीत बसले तेव्हा आकडा शून्याच्या जवळपास होता, आणि मी मनात म्हटलं होतं की बघा, बोलतो वाकडं पण न सांगता टाकी भरून ठेवली. त्या एका टाकीसाठी मी त्याला लहानपणापासूनचं सगळं माफ केलं होतं. आणि त्यालाही माझ्याबद्दल अगदी हेच वाटलं होतं. म्हणजे पंप-बिंप काही नाही. टाकी कोरडी. पण मग बटण कोणी दाबलं?

ते शोधायला वेळ नव्हता. आठ वाजून सोळा मिनिटं. पेट्रोल पंप पुलाच्या पलीकडे खाली, जाऊन यायला पाऊण तास. मी ठरवलं, गाडी गेली खड्ड्यात, डबा उचलायचा आणि मिळेल त्या वाहनाला हात करायचा. पट्टा सोडला, डबा छातीशी धरला, खाली उतरले. पुलावर कोण थांबणार? सगळे माझ्यापासून वीतभर अंतरावरून सुसाट. दोघांनी तर जाता जाता शिव्या दिल्या. डब्याच्या तळाशी पाणी वाजायला लागलं होतं, म्हणजे बर्फ वितळत होता. आठ वाजून सव्वीस.

आणि तेवढ्यात मागून पिवळा दिवा फिरवत उचलणारी गाडी आली. डॉक्टरची नव्हे, दंड करणाऱ्यांची. पुलावर गाडी उभी दिसली की ते विचारत नाहीत, उचलतात. चालक खाली उतरला, चांगला आडवातिडवा माणूस, दंडाला गाडीच्या टायरइतका घेर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, वाकून पुढच्या चाकांना पट्टे लावायला लागला. मी सांगतेय, पेट्रोल संपलंय हो, एक फेरी मारून येते. तो म्हणाला यार्डात येऊन सांगा.

मी विचारलं यार्ड कुठे. त्याने रस्ता सांगितला. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. यार्डाच्या वाटेवरच आमची लॅब.

मी त्याला म्हटलं मला घेऊन चला. तो म्हणाला प्रवासी बसवायला परवानगी नाही. मी म्हटलं मी प्रवासी नाही, मी त्या गाडीचाच भाग आहे असं समजा. तो हसला नाही. मग मी डब्याचं झाकण उघडून त्याला दाखवलं, आजींची ट्यूब वर काढली आणि सांगितलं की हे वेळेत पोचलं नाही तर ऐंशी वर्षांच्या बाईला परत टोचावं लागेल, आज तीनदा टोचलंय. त्याने ट्यूबकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, खरंच. एक हात आपोआप दुसऱ्या दंडावर गेला.

"ते आत ठेवा आधी," तो म्हणाला. "आणि बसा."

त्या उंच सीटवर डबा मांडीवर घेऊन मी बसले. मागे आमची गाडी पुढचे पाय उचलून लटकलेली. तो माणूस पूर्ण रस्ताभर डाव्या बाजूला एकदाही बघेना, डबा दिसेल म्हणून. दोन सिग्नल लागले. एक शाळेची बस आडवी आली. मी घड्याळ बघत नव्हते, मी त्याच्या पायाकडे बघत होते, की दाबतोय की नाही. आठ त्रेचाळीसला लॅबच्या फाटकाशी त्याने ब्रेक मारला आणि म्हणाला एक मिनिट, एकच.

मी धावले. मॅडम खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला, थर्मामीटर घातलं, ट्यूबा एकेक करून उजेडात धरल्या. अकराही चांगल्या. मग त्यांनी बाहेर बघितलं, फाटकात पिवळा दिवा फिरतोय आणि त्यामागे आमची गाडी टांगलेली.

"ही तुझी?"

मी म्हटलं हो.

"स्वतःच्या गाडीने आलीस म्हणायची," त्या म्हणाल्या. मग वहीत वेळ लिहिली. "उद्या साडेपाचला. चारही चाकांवर."

आता यार्ड. बाबांना बोलावलं, कारण कागद घरी होते. आमच्या बाबांनी तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त केले, अजूनही भाजी घेताना आधी विक्रेत्याचा काटा शून्यावर आहे का बघतात, मग भाव विचारतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना गाडीचं फार. दर रविवारी बादली आणि फडकी घेऊन खाली जातात, बाहेरून पुसतात, आणि आदल्या रविवारी तर पहिल्यांदाच आतूनही पुसली होती. आले ते एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा आणि खिशात फडकं. दंड भरला, उचलण्याचं भाडं भरलं, उभी करण्याचंही भाडं भरलं, दोन तासांचं. रक्कम ऐकून बाबांनी पावतीवरची बेरीज एकदा बोटाने करून बघितली.

पेट्रोल ओतलं. चावी फिरवली. चौथ्या खेपेला गाडी घुरघुरली आणि सुरू झाली. मी डोकं स्टेअरिंगवर टेकवलं. बाबा शेजारी बसले होते, सवयीने खिशातलं फडकं काढून आकड्यांवरची काच पुसायला लागले. काच पुसली, मग कडा, मग बटणाशी आले, बोट बटणावर ठेवलं, आणि दाबून धरलं.

एकशे अडतीस. शून्य.

मी बघत राहिले. त्यांना पत्ताच नाही, ते पुढे एसीच्या जाळ्या पुसायला लागले. मी विचारलं, बाबा, हे काय केलंत? ते म्हणाले काय केलं. मी म्हटलं आकडा. "अगं, पुसून झालं की शून्यावर आणून ठेवायचं," ते म्हणाले, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं. "आकडा मध्येच लोंबकळत ठेवला तर माणूस नीट वापरत नाही."

मी बोटाने पेट्रोलचा काटा दाखवला. तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी आडव्या पडलेल्या पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं, मग त्या शून्याकडे, मग हातातल्या रिकाम्या डब्याकडे. फडक्याची नीट चौकोनी घडी केली. घरापर्यंत ती घडी मांडीवर होती. जाताना पंपावर थांबून टाकी भरली तेव्हा आकडा शून्याच्या जवळपासच होता, दाबायची गरज पडली नाही. जिना चढताना त्यांनी एवढंच विचारलं, "नोकरी राहिली ना?" मी म्हटलं राहिली, उद्या गाडी घेऊन गेले की पक्की.

दुसऱ्या दिवशी पाचला खाली आले. गाडी पुसलेली होती. आणि ते बटण, त्याच्याभोवती बारीक तार गुंडाळून पीळ दिलेला आणि त्या पिळावर शिशाचं सील, चिमट्याने दाबलेलं. वजनकाटा दुरुस्त झाला की त्यावर असतं ना, कोणी हात लावू नये म्हणून, तसंच. जुन्या पेटीतून शोधून काढलं असणार. स्वतःच्या हातालाच कुलूप लावलं माणसाने.

साडेपाचला मी फाटकात होते, चारही चाकांवर. मॅडमनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कागदावर सही केली.

आता तुम्ही विचाराल, सील आहे तर पेट्रोल भरल्यावर शून्य कसं करतेस. करतच नाही. ते सील तोडायला माझा हात होत नाही, दादाचाही नाही. म्हणून हे बघा, मनगटावर पेनने लिहिलंय, आठशे बारा. परवा टाकी भरली तेव्हाचा आकडा. दादाच्या मनगटावरही हाच आहे.